मनाने दिलेला निकाल



माणूस दिवसभरात इतरांशी जितके बोलतो, त्याहून कितीतरी अधिक तो स्वतःशी बोलतो. भाताच्या खाचरात चिखलणी करणारा शेतकरी, चुलीपुढे एकटी बसलेली सून, कामाच्या शोधात परगावी गेलेला तरुण, खाटेवर पडून राहिलेली आजी, या सर्वांच्या मनात एक बोलणे अखंड चालू असते. ते बोलणे धीराचे असेल तर त्याच्या बळावर माणूस मोठमोठी संकटे निभावून नेतो. परंतु कित्येकांच्या मनात निराळेच चालते. ‘माझ्या हातून काही व्हायचे नाही. माझ्यामुळेच घराचे वाटोळे झाले. मी मेलो तरी कोणाचे काय अडणार? देवानेसुद्धा मला टाकले आहे.’ असे शब्द मन दिवसातून शंभर वेळा उच्चारते, आणि शंभर वेळा ऐकलेली गोष्ट माणसास खरी वाटू लागते.

कुमसारात ऐकलेले आम्ही येथे काही सांगत नाही, हे वाचकांस सांगणे नलगे. ते आमच्याबरोबर मातीत जाईल. परंतु धर्मगुरूस ओट्यावर, शेताच्या बांधावर आणि मयताच्या घरीही पुष्कळ ऐकावयास मिळते. सोसायटीचे कर्ज थकलेला घरधनी, लग्नाला दहा वर्षे होऊनही मूल नसलेली स्त्री, दारू सोडण्याचे वचन तीनदा मोडलेला मनुष्य, यांची दुःखे वेगवेगळी. पण स्वतःविषयी ते जे बोलतात त्यातील शब्द जवळजवळ सारखेच असतात. हे पाहून आम्हांस नेहमी वाटत आले आहे की, हे शब्द त्या दुःखातून निघालेले नसावेत. कोणीतरी बाहेरून आणून ते त्या दुःखावर डकवलेले असावेत.

भाविक घरांत तर या बोलण्यासच नम्रता समजले जाते. स्वतःला जितके हीन म्हणावे तितके आपण देवाच्या जवळ जातो, अशी समजूत आहे. परंतु नम्रता म्हणजे सत्य. ‘मी पापी आहे’ हे सत्य आहे, आणि मिस्साच्या आरंभी आपण सारे छातीवर हात मारून ते कबूल करतो. मात्र ती प्रार्थना तेथे थांबत नाही. लागलीच ती पवित्र मरियेकडे, देवदूतांकडे, संतांकडे आणि शेजारी उभ्या असलेल्या बंधुभगिनींकडे वळून त्यांची मध्यस्थी मागते, आणि धर्मगुरू सर्वांसाठी देवाच्या दयेची याचना करतो. ‘मी पापी आहे’ येथून निघून ‘माझ्याकरिता देवाजवळ आता काही उरले नाही’ येथपर्यंत जो जातो, तो स्वतःविषयी बोलता बोलता देवाविषयी खोटी साक्ष देऊ लागतो.

पवित्र शास्त्राने या आवाजाचे मूळ सांगून ठेवले आहे. ‘सैतान’ या हिब्रू शब्दाचा अर्थच विरोधक, आरोप ठेवणारा असा आहे, आणि प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातही तो विश्वासणाऱ्यांवर अहोरात्र दोषारोप करताना दिसतो. पण पवित्र आत्माही आपले दोष दाखवतोच. मग दोहोंतील भेद ओळखावा कसा? पवित्र आत्मा नेमके बोलतो. काल बाजारात माप कमी दिलेस, ते भरून दे. भावाशी अबोला धरला आहेस, त्याच्या दारी जा. ऐकणाऱ्यास लाज वाटते, पण पुढे काय करावे हेही त्याच क्षणी कळते. आरोप ठेवणारा नेमके काहीच सांगत नाही. तू असाच आहेस, नेहमीच असा होतास, एवढेच तो म्हणतो, आणि करण्यासारखे काही शिल्लक ठेवत नाही.

आमच्या या भागात बांधाच्या तंट्यावरून कोर्टाची पायरी चढले नाही असे घर विरळा. तालुक्याच्या कोर्टाने निकाल दिला म्हणजे सारे संपले, असे तेथे कोणी मानत नाही. वरचे कोर्ट असते. संत योहानाच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हाच विचार आला आहे. आपले मन आपणांस दोषी ठरवते तेव्हा मनाहून मोठा असा देव आहे आणि त्याच्यापासून काहीच लपलेले नाही, असे प्रेषित लिहितो. देवाला सारे कळते, हे एरवी आपण मुलांना धाक घालण्याकरिता सांगतो. येथे मात्र ते धीर देण्याकरिता सांगितले आहे. मनाला आपली एक चूक दिसते. देवाला ती चूक दिसते, ती घडली त्या दिवसाची आपली भूक, थकवा आणि एकटेपणही दिसते, आणि त्यानंतर गाळलेले अश्रूही दिसतात.

स्वतःविरुद्ध असाच निकाल देऊन बसलेल्या एका विद्यार्थ्याची हकीकत येथे जरा सविस्तर सांगतो.

संत फ्रान्सिस द सेल्स यांचा जन्म १५६७ साली सॅव्हॉयमधील एका सरदार घराण्यात झाला. पित्याने मुलास शिक्षणासाठी पॅरिसला येशूसंघीयांच्या क्लेरमाँ महाविद्यालयात धाडले. कोणाचे तारण व्हावयाचे आणि कोणाचा नाश, हे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे काय, या प्रश्नावर त्या काळी पॅरिसमध्ये कडाक्याचे वाद चालत. कॅल्व्हिनची शिकवण सर्वांच्या तोंडी होती, आणि कॅथलिक पंडितांतही या विषयावर एकमत नव्हते. विद्यार्थी असले वाद जेवताना घालतात आणि हात धुताना विसरतात. फ्रान्सिसला ते विसरता आले नाहीत. १५८६ च्या अखेरीस, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याच्या मनाने असे घेतले की नाश व्हावयाच्या लोकांत आपलेही नाव आहे. आचरणाने तो निर्मळ होता; कोणत्याही मोठ्या पापाचे ओझे त्याच्यावर नव्हते. तरीही सुमारे सहा आठवडे त्याला अन्न गोड लागले नाही, झोप आली नाही, आणि शरीर खंगत गेले.

मग एके दिवशी तो सेंत-एत्येन-दे-ग्रे या चर्चमध्ये शिरला. तेथे पवित्र मरियेची एक काळी मूर्ती होती. जवळच्या फळीवर ‘मेमोरारे’ या लॅटिन नावाने ओळखली जाणारी मरियेची प्रार्थना लावलेली होती. फ्रान्सिसने गुडघे टेकून ती म्हटली. त्यानंतर तो देवाला जे बोलला त्याचा भावार्थ असा, की मरणानंतर तुझे दर्शन माझ्या नशिबी नसले तरी निदान या जन्मात तरी मला तुझ्यावर जितके करता येईल तितके प्रेम करू दे. तो उठला तेव्हा मनावरचे सारे ओझे गळून पडले होते. ते चर्च फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत गेले. मूर्ती मात्र वाचली आणि आज पॅरिसलगतच्या न्यूयी येथील कॉन्व्हेंटमध्ये आहे.

या हकिकतीत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट अशी, की फ्रान्सिसने त्या आवाजाशी घातलेला वाद जिंकला नाही. आपण तरलेल्यांपैकीच आहोत, असा कोणताही पुरावा त्याला मिळाला नव्हता. ‘माझे काय होणार’ हा प्रश्नच त्याने देवाच्या हाती सोडला आणि ‘आता या घटकेला मी काय करू शकतो’ एवढेच धरले. निकाल काय लागावयाचा तो लागो, मी प्रेम करणे सोडणार नाही, असे म्हणणाऱ्या माणसाला भीती घालावी तरी कशी!

पुढे १५९३ साली ते धर्मगुरू झाले आणि १६०२ साली जिनिव्हाचे बिशप. १६०९ साली त्यांनी संसारी माणसांकरिता भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या तिसऱ्या भागात, माणसाने स्वतःशी सौम्यतेने कसे वागावे, यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. बापाने शांतपणे समजावले तर मूल सुधारते, संतापून बोलला तर ते बिथरते. आपल्या अंतःकरणाचेही तसेच आहे, असे ते सांगतात. पडलो तर अंतःकरणाला शिव्या न देता, अरेरे, ज्या खड्ड्यात पडायचे नाही असे ठरवले होते त्यातच पुन्हा पडलो, चल आता उठू, अशा अर्थाने त्याची समजूत घालावी. स्वतःवर धुमसत राहण्याचे मूळ त्यांनी अहंकारात दाखवले आहे: आपण इतके चांगले असताना आपल्याकडून असे घडलेच कसे, हा तो राग. नम्रतेचा एवढा कडक हिशेब फार थोड्यांनी मांडला असेल. १८७७ साली ख्रिस्तसभेने त्यांस धर्मपंडित म्हणून गौरविले, १९२३ साली कॅथलिक लेखकांचे आश्रयदाते नेमले, आणि नागपूरचे कॅथेड्रल त्यांच्याच नावाचे आहे.

आता कोणी विचारील, मनाशी बोलावे तरी कोणत्या शब्दांत? त्यासाठी बेचाळिसावे स्तोत्र काढावे. हा स्तोत्रकर्ता मंदिरापासून दूर, यार्देनेच्या आणि हर्मोन पर्वताच्या प्रदेशात आहे. तुझा देव कोठे आहे, असे लोक त्याला टोचून विचारतात. मग तो आपल्याच जिवाकडे वळतो, इतका का खचलास म्हणून त्याला विचारतो, आणि देवाची आशा धरावयास सांगतो. तोवर मन बोलत होते आणि तो ऐकत होता. आता तो बोलतो आणि मनाला ऐकावे लागते. हे पालुपद त्या स्तोत्रात दोनदा आणि पुढच्या त्रेचाळिसाव्यात पुन्हा एकदा आले आहे. मुळात ती दोन्ही मिळून एकच स्तोत्र असावे, असे पंडितांचे मत आहे. एकदा सांगून त्याच्याही मनाने ऐकले नाही, ही गोष्ट आम्हांस फार दिलासा देणारी वाटते. हे स्तोत्र ओठांनी, आपल्या कानांस ऐकू जाईल असे म्हणावे.

परंतु प्रत्येक वेळी आधी स्तोत्रच हवे असते, असेही नाही. एलिया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीला भिऊन अरण्यात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि त्याने देवाजवळ मरण मागितले. देवाने त्याला रागावून काही सांगितले नाही. देवदूताने त्याला उठवले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे पुढे ठेवले. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा तसेच झाले. त्यानंतर चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब डोंगरावर पोहोचला, आणि मगच देवाने त्याच्याशी संभाषण केले. मी एकटाच उरलो आहे, असे एलियाचे म्हणणे होते. देवाने त्याला सांगितले की इस्राएलात सात हजार उरलेले आहेत. खचलेल्या मनाचा हिशेब इतका चुकतो.

खचलेल्या माणसाला उपदेश करण्याच्या घाईत असलेल्यांनी राजांच्या पहिल्या पुस्तकाचा हा एकोणिसावा अध्याय अवश्य वाचावा. आठवडे उलटले तरी झोप येत नाही, जेवण जात नाही, कशातच जीव रमत नाही, आणि मरणाचे विचार येतात, तर तो विश्वास कमी पडल्याचा पुरावा नसून बहुधा आजार असतो, आणि त्याला औषध आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाण्यात लाज नाही. आमच्या सरहद्दीकडील लोकांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्थाही आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट मिळते. जपमाळ आणि औषधाची गोळी यांचे आपसात भांडण नाही.

या आवाजाची एक ओळखीची खोड म्हणजे त्याला एकांत आवडतो. ही खोड संत इग्नाशियस लोयोला यांनी स्वतः भोगलेली होती. १५२२ साली मान्रेसा येथे जुन्या पापांच्या आठवणींनी ते इतके हैराण झाले की, खोलीतील एका मोठ्या विवरात उडी टाकण्याचे विचार त्यांच्या मनात येत. पुढे त्यांनी ‘आध्यात्मिक साधना’ लिहिली. तीत सैतानाला त्यांनी परक्याच्या लेकीला फूस लावणाऱ्या लबाड माणसाची उपमा दिली आहे: आपले बोलणे तिच्या बापाच्या कानी जाऊ नये, एवढीच त्याची धडपड. चांगल्या धर्मगुरूजवळ किंवा जाणत्या माणसाजवळ ते उघड केले की त्याचा डाव फसतो.

मात्र कोणाजवळ बोलावे, यालाही महत्त्व आहे. यहूदा इस्कार्योतानेही आपले पाप कबूल केले होते. त्याला पश्चात्ताप झाला, तीस रुपये त्याने परत नेले, निरपराध रक्ताला मी दगा दिला असे तो बोलला. पण ज्यांच्याजवळ बोलला त्या याजकांनी, त्याचे आम्हांला काय, तुझे तू पाहून घे, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याची बोळवण केली. तो बाहेर पडला तो एकटा. पेत्रानेही प्रभूला तीनदा नाकारले होते. पण रडून झाल्यावर तो बाकीच्या शिष्यांत परत आला, त्यांच्याबरोबर मासे धरायला गेला, आणि म्हणून तिबिर्याच्या किनाऱ्यावर प्रभूला सापडला. मुख्य याजकाच्या अंगणात कोळशांच्या शेकोटीशी त्याने नाकारले होते. किनाऱ्यावर प्रभूने पुन्हा कोळशांचा विस्तव पेटवला होता. योहानाच्या शुभवर्तमानात दोन्ही ठिकाणी मूळ ग्रीक शब्द एकच आहे. प्रभूने नाकारण्याचा विषयही काढला नाही. भाकर व मासे वाढले, प्रेमाविषयी तीनदा विचारले आणि आपली मेंढरे त्याच्या हवाली केली.

राहिली एक गोष्ट, आणि ती आईबापांसाठी आहे. मोठेपणी माणूस स्वतःला जे शब्द बोलतो, त्यांतील पुष्कळसे त्याने लहानपणी घरातच ऐकलेले असतात. ‘दगड आहेस नुसता’, ‘खायला काळ भुईला भार’, ‘शेजारच्याचा मुलगा बघ’. बोलणारा तासाभरात विसरतो. मूल चाळीस वर्षे जपून ठेवते. संत पौलाने कलस्सैकरांस लिहिताना बापांना बजावले आहे की, मुलांना इतके चिडवू नका की त्यांचे मनच खचावे. दहावीचा निकाल लागण्याच्या दिवसांत आम्हांस हे वचन फार आठवते. मुलगा नापास झाला तर त्या दिवशी इतरांच्या आधी त्यालाच जेवायला हाक मारावी, आणि पुरवणी परीक्षेचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत भरावयाचा, ते बापाने स्वतः शाळेत जाऊन विचारून यावे.