तूस कोणता रंग धरते?

आरमोरीकडच्या राईस मिलमागे धानाच्या तुसाचे, म्हणजे टरफलांचे, ढीग आपण पाहिले असतीलच. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस निघते. सिलिका भरपूर असल्याने ते जनावरांच्या फारसे उपयोगी नाही. बरेचसे जाळलेच जाते. या तुसाने कापडरंगाचे सांडपाणी स्वच्छ होईल काय?

प्रयोग करून पहा. पेशी रंगवण्यासाठी शाळेत मिथिलीन ब्ल्यू असते. त्याचे फिक्कट द्रावण पेलाभर घ्या. त्यात स्वच्छ धुऊन वाळवलेले तूस चार चमचे टाका, अधूनमधून ढवळा आणि तासाभराने गाळा. निळा रंग बराच उतरलेला दिसेल. आता हाच प्रयोग इओसिन घेऊन करा. गुलाबी रंग जवळजवळ तसाच राहील! असे का?

तूस रंग शोषून घेत नाही, रंग त्याच्या पृष्ठभागाला चिकटतो. याला अधिशोषण म्हणतात. तुसातील कार्बॉक्सिल गट आणि सिलिकावरील हायड्रॉक्सिल गट यांमुळे साध्या पाण्यात हा पृष्ठभाग ऋणभारित असतो. मिथिलीन ब्ल्यूचा रंगीत आयन धनभारित, म्हणून तो ओढला जातो. इओसिनचा आयन ऋणभारित, तो दूर लोटला जातो.

खरी अडचण येथेच आहे. आरमोरी कोशाच्या रेशमासाठी प्रसिद्ध आहे. रेशमाला सहसा देतात ते आम्लरंग ऋणभारितच असतात. आम्लयुक्त पाण्यात रेशमाचे अमिनो गट धनभारित होतात, म्हणून ते रंग धरतात. इचलकरंजीसारख्या ठिकाणी सुती कापडाला वापरतात ते रिअॅक्टिव्ह रंगही ऋणभारितच. आम्हा संशोधकांना मात्र मिथिलीन ब्ल्यू फार प्रिय, कारण निकाल देखणे येतात!

पाण्यात आम्ल घातले तर तुसावर हायड्रोजन आयन बसतात आणि ते आम्लरंगही धरू लागते. पण मग ते आम्ल निववावे लागते, त्याचा खर्च येतो. तुसापासून सक्रिय कोळसा केला तर पृष्ठभाग कितीतरी वाढतो. त्यासाठी भट्टी आणि इंधन हवे.

शिवाय रंग नष्ट झालेला नसतो, त्याची फक्त जागा बदललेली असते. म्हणून प्रयोगातले निळे तूस फेकू नका. साध्या पाण्याने धुऊन अर्धे मिठाच्या पाण्यात आणि अर्धे लिंबू पिळलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी कोणते पाणी किती निळे झाले, ते विद्यार्थ्यांना वहीत नोंदवायला सांगा.