रेडिओसंच आणि उसनी संहिता
नोबेल पारितोषिकाचे १९९३ सालचे एक मानकरी जोसेफ टेलर यांनी हौशी रेडिओचालकांसाठी आरंभिलेली 'डब्ल्यूएसजेटी-एक्स' ही आज्ञावली विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते. मात्र ती स्वयंपूर्ण नव्हे. तिची बटणे-चौकटी 'क्यूटी' पुरविते. ध्वनीचे पृथक्करण 'एफएफटीडब्ल्यू' करते. आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या संचांशी त्यांच्या-त्यांच्या संकेतभाषेत बोलते ती 'हॅमलिब'. अशा तयार संहितेच्या भांडारास लायब्ररी म्हणतात.

लिनक्सवर हॅमलिबची जुनी आवृत्ती असली, तर नवा संच आज्ञाच पाळीत नाही, आणि बिचारा चालक तारा तपाशीत बसतो! यास्तव हॅमलिबची पारखलेली प्रत आज्ञावलीच्या मूळ संहितेबरोबरच देण्याची रीत कर्त्यांनी ठेविली. परंतु ती प्रत आतच सांधली, की हॅमलिबमधील पुढील दुरुस्ती फेरबांधणीवाचून चालकापर्यंत पोहोचत नाही.