हंगामी भाज्यांचे दाट सूप : साय न घालता

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून इतिहासावरचाच लेख येईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. धरणगावला इतिहास कमी नाही. इंग्रजांची वखार येथे होती, पुढे भिल्ल पलटणीचे ठाणेही येथेच झाले. हे सारे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. मात्र निवासी शाळेचा निम्मा इतिहास वर्गात घडतो आणि उरलेला निम्मा भोजनगृहात. त्या दुसऱ्या भागाकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. म्हणून आज आम्ही एका साध्या पदार्थाविषयी, हंगामी भाज्यांच्या दाट सुपाविषयी लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला. आईवडील ऊसतोडीला गेलेले, त्यामुळे दिवाळीनंतर तो वसतिगृहातच राहिला. ताटातली भाजी तो रोज तशीच ठेवी, भाकरीचे चार घास कसेबसे पाण्याबरोबर गिळी. अन्न टाकणे आम्हांस सहन होत नाही. एके दिवशी आम्ही त्याला जवळ बोलावले आणि बाबासाहेबांच्या लंडनमधील दिवसांची हकीकत सांगितली. १९२० नंतर दुसऱ्यांदा तेथे शिकत असताना रात्रीच्या भुकेला पापड आणि बोव्हरील नावाच्या मांसाच्या अर्काचे पेलाभर गरम पेय, एवढ्यावर ते अभ्यास करीत, अशी नोंद धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. मुलाने सर्व शांतपणे ऐकले आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, भूक लागते. पण तोंड भाजतं."

त्याचे तोंड आले होते. ओठांचे कोपरे चिरले होते आणि जिभेवर फोड होते. आरोग्य केंद्रात तपासले तेव्हा रक्तही कमी निघाले. आमच्या भोजनगृहातली खानदेशी तिखटाची भाजी त्याच्या तोंडात निखाऱ्यासारखी लागत होती, आणि आम्ही त्याला भुकेचे धडे देत होतो. विचारायला हवे होते ते आधी विचारले नाही, ही आमची चूक आजही आम्हांस बोचते.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीची एक कथा आहे. भगवान बुद्ध तेथे आले असता एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला. तो शोधून आणण्यात दुपार झाली आणि उपाशीपोटीच तो उपदेश ऐकायला पोहोचला. भगवंत तोवर मौन धरून थांबले होते. त्यांनी प्रथम त्या शेतकऱ्याला जेवू घालण्यास सांगितले आणि त्याचे जेवण झाल्यावरच उपदेशास आरंभ केला. भिक्खूंना याचे नवल वाटले, तेव्हा भुकेल्या माणसाला धम्म कळू शकत नाही, हे त्यांनी समजावून दिले. ही कथा आम्ही अनेकदा सांगितली होती. तिचा अर्थ मात्र त्या मुलाने शिकवला.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातील मावशींनी गंगाफळ आणि मुगाची डाळ शिजवून, घोटून, तिखट न घालता त्याच्यासाठी वाटीभर पातळ केले. आम्ही त्याला 'सूप' म्हटले. पुढे एका पालक सभेला हाच पदार्थ सर्वांना दिला, तेव्हा एक माउली हसून म्हणाल्या, "सर, हाई ते आमनी घोटेल भाजीच शे!" त्यांचे म्हणणे खरेच होते. आंबट चुका किंवा पालक डाळीबरोबर शिजवून लाकडी रवीने घोटणे हे खानदेशातील घराघरांत चालत आलेले कसब आहे. सूप म्हणजे त्याच भाजीचे अधिक मऊ, अधिक पातळ आणि सौम्य रूप.

'सूप' हा शब्दही परका मानण्याचे कारण नाही. इंग्रजी शब्दाचे मूळ निराळे आहे, रश्शात भिजवलेल्या पावाच्या तुकड्याशी त्याचा संबंध पोहोचतो. पण पाली भाषेतही 'सूप' आहे आणि विनयपिटकात त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत : मुगाचे व उडदाचे. भिक्षेत भाताच्या मानाने सूप प्रमाणातच घ्यावे, असा तेथे नियम आहे. खाता-पिताना 'सुरूसुरू' आवाज करू नये, असाही एक नियम आहे. आपण ज्याला फुरका मारणे म्हणतो, तेच हे. याच पिटकात यागूचे, म्हणजे पातळ पेजेचे, दहा गुण सांगितले आहेत. भूक व तहान शमते, बळ येते, अन्न पचते, असे ते गुण आहेत. सौम्य, पातळ आणि गरम अन्नाची थोरवी आपल्या परंपरेला अडीच हजार वर्षांपासून ठाऊक आहे.

आता कृतीकडे वळू. हॉटेलात सूप दाट करण्यासाठी मैदा, लोणी आणि साय वापरतात. त्यामुळे हे श्रीमंतांचे खाणे आहे, असा आपला समज झाला. वास्तविक दाटपणा सायीवर अवलंबून नाही. डाळीत, बटाट्यात आणि धान्यात पिष्ट असते. उष्णतेने त्याचे कण पाणी शोषून फुगतात आणि पातळ रसाला अंग येते. त्यात शिजलेल्या भाजीचा बारीक गर मिसळला की जिभेला सायीसारखाच मऊपणा जाणवतो. त्यासाठी आपल्या घरात चार साधने नेहमीच असतात : मुगाची डाळ, बटाटा, ज्वारीचे पीठ आणि शेंगदाणे.

चार माणसांसाठी अर्धा किलो सोललेले गंगाफळ, एक मध्यम कांदा, लसणाच्या चार पाकळ्या आणि दोन मोठे चमचे मुगाची डाळ घ्यावी. डाळ धुऊन अर्धा तास भिजवावी. कुकरमध्ये एक चमचा तेल किंवा तूप तापवून जिरे टाकावे, त्यावर चिरलेला कांदा व लसूण मंद आचेवर मऊ होईपर्यंत परतावा. कांदा लाल करू नये, अन्यथा सुपाचा रंग व चव दोन्ही बदलतात. मग गंगाफळाच्या फोडी, डाळ, मीठ आणि तीन वाट्या पाणी घालून तीन शिट्ट्या कराव्यात. येथे तेल वाचवू नये. गंगाफळ व गाजर यांतील केशरी द्रव्यापासून शरीर जीवनसत्त्व अ तयार करते आणि ते अंगी लागण्यास थोडा स्निग्धांश आवश्यक असतो.

कुकर निवल्यावर मिश्रण घोटावे. मिक्सर वापरायचा असेल तर ते कोमट होऊ द्यावे आणि भांडे निम्मेच भरावे. उकळते मिश्रण फिरवल्यास आत वाफ कोंडते, झाकण उडते आणि हात भाजतो. वीज नसेल तर अडून बसू नये. रवीने घोटून पुरणाच्या चाळणीतून काढलेले सूप कोणत्याही यंत्राइतकेच मऊ होते. नंतर वाटीभर गरम पाणी घालून एक उकळी आणावी आणि वरून मिरपूड घालावी. तोंड आलेल्यासाठी मिरपूड वगळावी. दूध आवडत असेल तर आच बंद करून अर्धी वाटी कोमट दूध मिसळावे.

दाटपणासाठी ज्वारीचे पीठ वापरायचे असल्यास एक चमचा पीठ आधी गार पाण्यात कालवावे आणि ढवळत ढवळत उकळत्या सुपात सोडावे. कोरडे पीठ थेट टाकले तर वरचा थर लगेच फुगून आतले पीठ कोरडेच राहते व गुठळ्या होतात. पीठ घातल्यावर पाच मिनिटे उकळू द्यावे, म्हणजे कच्चा वास जातो.

भाजी हंगामाची घ्यावी. ती बाजारात मुबलक असते, म्हणून स्वस्त असते, आणि जवळच्या शेतातून आलेली असल्याने ताजी असते. हिवाळ्यात गाजर, वाटाणा, फ्लॉवर, पालक आणि टोमॅटो येतात. टोमॅटोच्या आंबटपणाने दूध फाटते, म्हणून त्या सुपात दुधाऐवजी भाजलेल्या शेंगदाण्यांचे दोन चमचे बारीक वाटण घालावे. ज्यांना शेंगदाणे सोसत नाहीत त्यांनी बटाटा वापरावा. पालक कुकरमध्ये कोंडून शिजवला तर त्यातील आम्ल वाफेबरोबर बाहेर पडू शकत नाही आणि हिरवा रंग काळपट होतो. डाळ व बटाटा आधी शिजवून घ्यावा आणि पालक शेवटी उघड्या भांड्यात तीन-चार मिनिटेच ठेवावा. वाढताना लिंबू पिळावे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पालेभाजी व डाळीतील लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून चहा घेतल्यास नेमके उलट होते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

उन्हाळ्यात दुधी आणि गंगाफळ हे मोठे आधार. दुध्याची लहानशी कच्ची फोड आधी चाखून पाहावी. ती कडू लागली तर तो दुधी टाकूनच द्यावा, कारण कडू दुध्याने विषबाधा होते आणि शिजवूनही तिचा धोका टळत नाही. पावसाळ्यात शेवग्याच्या शेंगा घ्याव्यात. त्या शिजवून गर खरवडावा आणि चोथा गाळावा. तांदुळजा, घोळ यांसारख्या रानभाज्या ज्यांना पक्क्या ओळखता येतात, त्यांनी तीन पाण्यांत धुऊन वापराव्यात.

शंभर मुलांसाठी करताना मात्र सर्व जिन्नस सरसकट पंचवीसपट करू नयेत. मोठ्या पातेल्यात पाण्याच्या मानाने वाफ कमी उडते, म्हणून पाणी हिशेबापेक्षा कमी घालून शेवटी वाढवावे. डाळ तळाला बसून करपते, म्हणून उलथने तळापर्यंत फिरत राहिले पाहिजे.

या पदार्थाकडे आम्ही केवळ पोषणाच्या दृष्टीने पाहत नाही. आपल्या आजी-पणजींच्या पिढ्यांनी दुसऱ्यांच्या दारचे शिळेपाके तुकडे खाऊन मुले वाढवली. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे व शिळे तुकडे आणि मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा ते आहाराबरोबरच आत्मसन्मानाविषयीही बोलत होते. आपल्या कष्टाच्या पैशाने घेतलेली ताजी भाजी, आपल्या चुलीवर, आपल्या मुलाच्या तोंडाला सोसेल अशी शिजवणे, हे त्या आवाहनाचेच आजचे घरगुती रूप आहे. त्यासाठी महागड्या पाकिटातील भुकटी आणण्याची गरज नाही.

सूप हे औषध नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या मुलाला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्या गोळ्यांनीच त्याचे रक्त वाढले. सुपाने इतकेच केले की तोंड बरे होईपर्यंत तो उपाशी झोपला नाही. आता हिवाळ्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी मावशी सर्वांसाठीच सूप करतात. मुले फुरके मारतात. विनयातील नियम आम्हांस आठवतो, पण त्या वेळी आम्ही काही बोलत नाही. एखादे ताट भरलेले राहिले तर मात्र आता आम्ही आधी त्या मुलाजवळ जाऊन बसतो आणि विचारतो, "बाळा, काय होतंय?"