ओळख आणि स्मरण

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १८८५ साली प्रसिद्ध केले. विस्मरण आरंभी झपाट्याने होते व पुढे मंदावते, असे त्यांना आढळले. मग हे विस्मरण रोखावे कसे? अमेरिकेत रोडिगर व कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पुन्हा वाचलेला उतारा विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवला. आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिलेला उताराच अधिक टिकला. पुनर्वाचनाने मजकूर ओळखीचा होतो. परंतु ओळख म्हणजे स्मरण नव्हे. म्हणून नव्या अभ्यासक्रमाच्या आरंभापासूनच विद्यार्थ्याने पुस्तक मिटून आठवावे, चुकलेले ताडून पाहावे आणि काही दिवसांच्या अंतराने हीच उजळणी पुन्हा करावी.