जुनी मोजणी, नवे शुल्क

शेताची मोजणी एकदा झाली म्हणजे तो प्रश्न कायमचा मिटला, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. तो निम्माच खरा आहे. पुणे आणि आसपासच्या धर्मग्रामांतील ज्या कुटुंबांच्या नावे मुळशी तालुक्यात जमीन आहे, त्यांनी उरलेला निम्मा भाग समजून घेणे आवश्यक आहे, कारण डिसेंबर 2024 पासून भूमि अभिलेख विभागाच्या मोजणी शुल्कात मोठा बदल झाला आहे.

मोजणीनंतर खातेदारास जो नकाशा मिळतो, त्यास 'क' प्रत म्हणतात. वर्षे लोटली म्हणून ही प्रत बाद होत नाही. मात्र बांध नांगरले जातात, हद्दीचे दगड हलतात, भावकीत वाटण्या होतात. हिंजवडी आणि माण परिसरात जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून तर चार हातांच्या पट्टीवरूनही वाद उभे राहतात. अशा वेळी हद्द पुन्हा दाखवून हवी असल्यास नवा अर्ज करावा लागतो व त्यावर आजचे शुल्क भरावे लागते. पूर्वी भरलेली रक्कम त्यात वळती होत नाही.

यापूर्वी मोजणीचे साधी, तातडीची, अति तातडीची व अति अति तातडीची असे चार प्रकार होते. आता नियमित व द्रुतगती असे दोनच उरले आहेत. ग्रामीण भागात व्यक्तिगत खातेदारास दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीसाठी 2,000 रुपये, तर द्रुतगतीसाठी 8,000 रुपये द्यावे लागतात. त्यापुढील प्रत्येक दोन हेक्टरांस अनुक्रमे 1,000 व 4,000 रुपये अधिक. म्हणजे चार हेक्टरांच्या नियमित मोजणीस 3,000 रुपये पडतात. महानगरपालिका व नगरपालिकांच्या हद्दीत एक हेक्टरपर्यंतच 3,000 व 12,000 रुपये असा दर आहे.

हा शेवटचा दर मुळशीकरांनी विशेष ध्यानात घ्यावा. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावे जून 2021 मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. तेथील ज्या खातेदाराने त्याआधी ग्रामीण दराने मोजणी करून घेतली, त्याला तीच जमीन पुन्हा मोजताना शहरी दर लागू होतो. जमीन तीच, गट क्रमांक तोच. बदलली ती गावाची हद्द.

या दररचनेत एक गोष्ट खटकते. दहा गुंठ्यांचा मालक आणि दोन हेक्टरांचा मालक यांना सारखेच शुल्क पडते. पूर्वी साध्या मोजणीस हेक्टरी 1,000 रुपये होते; तेव्हा लहान तुकड्याच्या धन्यावर हा भार सरळ दुपटीने वाढला आहे.

म्हणूनच अर्ज करण्यापूर्वी आपणांस नेमके काय हवे ते ठरवावे. घरातील 'क' प्रत हरवली एवढेच कारण असेल, तर पुन्हा मोजणीची गरज नाही. पौड येथील उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयातून जुन्या प्रकरणाची नक्कल मागावी. तिचा खर्च मोजणीच्या मानाने किरकोळ असतो. जमिनीवरील खुणा नाहीशा झाल्या असतील, तर हद्द कायम करण्याची मोजणी मागावी. आणि झालेली मोजणीच चुकीची वाटत असेल, तर साधा अर्ज पुन्हा करून उपयोग होत नाही. त्यासाठी निमताना मोजणी आहे. ती वरिष्ठ अधिकारी करतात, व तीही अमान्य असल्यास जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना मागता येते. यांचे शुल्क वेगळे असते, ते आधी विचारून घ्यावे. शेजाऱ्याशी भांडण निमतान्याचे आणि अर्ज मात्र नियमित मोजणीचा, असे झाले की पैसा जातो, वर्ष जाते आणि वाद होता तेथेच राहतो.

जुन्या नकाशावर अक्षांश-रेखांश नसतात. ई-मोजणीच्या नव्या प्रणालीत ते नोंदले जातात, त्यामुळे पुढे दगड हलला तरी हद्दीचा बिंदू शोधता येतो. विक्री किंवा बांधकाम जवळ आले असेल, तर हा खर्च करावा असे आम्हांस वाटते. एरवी घाई नको.

एकत्र कुटुंबाच्या वाटणीसाठी सवलत आहे. वाटणीपत्र नोंदणीकृत असल्यास पोटहिस्सा मोजणीचे शुल्क प्रत्येक पोटहिस्स्यास 200 रुपये करण्याचा निर्णय शासनाने 2025 मध्ये जाहीर केला. भावंडांत तोंडी वाटणी झाली असेल, तर आधी ती दुय्यम निबंधकांकडे नोंदवावी व मगच मोजणीचा अर्ज करावा.