भिंतीत आधी पाईप, मग गिलावा

किन्हवलीच्या बाजारातून शहापूरकडे निघा किंवा मुरबाडकडे, रस्त्याच्या कडेला नवी घरे उठताना दिसतात. कौले उतरतात, स्लॅब पडतो. नकाशा काढताना आपण मोरी, मोटार, पंखा, फ्रिजचा पॉइंट यांवर तासन् तास बोलतो. इंटरनेटची तार कोठून येणार, हे मात्र कुणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

रंग झाल्यावर कनेक्शन घेतले. तार वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत आली आणि राउटर तिथेच बसला. दादींची खोली खाली, अगदी मागे. मध्ये स्लॅब आणि दोन भिंती. मोठा मुलगा सौदीहून व्हिडिओ कॉल करी, तेव्हा दादींना नातवाचा चेहरा अर्धवट, अडकलेला दिसे. जिना चढणे त्यांना जमत नाही. ईदच्या दिवशी त्या म्हणाल्या, "राहू द्या, आवाज ऐकला, बस्स." ते आम्हाला फार लागले. शेवटी नव्या भिंतीला झिरी मारली, पाईप टाकला, पुन्हा गिलावा, पुन्हा रंग. चार दिवस घरभर धूळ!

२०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' नाव मिळालेल्या योजनेचा हेतू काचेची तार ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचा. २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकन देण्याचे नियमही काढले. पण घरातली शेवटची वीस-तीस फूट आपल्याच हातात असतात.

ज्यांच्या भिंती अजून विटांच्या आहेत, त्यांनी वायरमनला आजच सांगावे: नेटसाठी वेगळा पाईप. विजेच्या पाईपमधून ही केबल घालायची नाही. धोका आहेच, शिवाय वीज सिग्नल बिघडवते. दोन्ही पाईपांत वीतभर तरी अंतर असावे. पाईपमध्ये एक बारीक तार ओढून ठेवावी, म्हणजे पुढे कधीही नवी केबल ओढता येते.

तांब्याच्या नेट केबलमध्ये आठ तारा, चार जोड्यांत पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेचा नाही. बाहेरचा गोंधळ तोच मारतो. म्हणून टोकाला क्लिप बसवताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये, आणि रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखाच हवा. राउटरपासून यंत्रापर्यंत तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते. आपल्या घरांना ते पुष्कळ. घेताना एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. स्वस्त मिळते, पण लवकर तुटते.

फायबरची गोष्ट निराळी. आत केसाएवढी काच. ती खिळ्याला गुंडाळली, दाराच्या फटीत दाबली, की प्रकाश गळतो आणि वेग मरतो. वळसा चहाच्या बशीएवढा तरी ठेवावा. आपल्याकडच्या पावसात शेजारच्या घरातून उघड्यावरून तांब्याची केबल आणू नये. वीज कडाडली की तिच्यातून झटका थेट राउटरपर्यंत पोहोचतो. काचेतून वीज जात नाही.

आणि हो, प्रत्येक टोकाला चिठ्ठी चिकटवा. आमच्या डब्याजवळ आता तीन आहेत: 'हॉल', 'मुलींची खोली', 'दादी'. तिसरी चिठ्ठी दादींनी स्वतः लिहून दिली.