चाळिशीनंतर शेतकऱ्याने करावयाची शरीरपरीक्षा

नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारामतीकडे व पुढे इंदापुराकडे खेळू लागले, तेव्हा अवर्षणाने गांजलेल्या या मुलखास ते वरदान वाटले, आणि ते वरदान होतेही. परंतु थोड्याच वर्षांत कालव्याखालच्या काही उत्तम काळ्या जमिनी बिघडू लागल्या. डॉ. हॅरॉल्ड मॅन व श्री. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली सरकारी शेतकी खात्यातर्फे पुस्तिका प्रसिद्ध केली. जमिनीच्या पोटातील पाणी वर चढते, त्याबरोबर क्षार वर येतात, आणि हे सारे उभ्या पिकाखाली निमूटपणे चाललेले असते. पीक काही काळ बरे दिसते. वर पांढरी खार फुटते तेव्हा मालकाचे डोळे उघडतात. पण तोवर रान चोपण झालेले असते, आणि चर काढून ते सुधारण्यास बराच खर्च व पुष्कळ वर्षे लागतात.

नेमका हाच प्रकार चाळिशी उलटलेल्या माणसाच्या शरीरात घडत असतो. रक्तदाब वाढला म्हणून डोके दुखेलच असे नाही. रक्तातील साखर वाढली तरी वर्षानुवर्षे भूक व झोप ठीक राहू शकते. काचबिंदूत दृष्टी कडेकडेने जाते, त्यामुळे समोरचे स्वच्छ दिसत असताना मनुष्य निर्धास्त असतो. मूत्रपिंडांचे तर असे आहे की, त्यांचे साधारण निम्मे काम बंद पडेपर्यंत नेहमीच्या रक्ततपासणीतही दोष दिसत नाही. दुखणे नाही म्हणजे रोग नाही, हा आपला जुना हिशेब या विकारांच्या बाबतीत साफ चुकतो.

आमच्या परिचयातील एका बागायतदारांची हकीकत येथे सांगणे अस्थानी होणार नाही. साठी ओलांडलेली, पण काम सोडलेले नाही. दूध-संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ फॅट लागते, त्यात एका पॉइंटाचा फरक पडला तरी हे गृहस्थ तेथे उभे राहून जाब विचारीत. घरची मुले मात्र “आबा, एकदा रक्तदाब मोजून घ्या,” असे म्हणाली की उत्तर ठरलेले : “मला काय धाड भरली आहे? अजून रात्रीची दारे धरतो मी!” एके पहाटे दारे धरीत असतानाच त्यांचा उजवा हात लुळा पडला व तोंड वाकडे झाले. रक्तदाब बहुधा कित्येक वर्षे चढलेला होता, असे डॉक्टरांनी मागाहून सांगितले. आबा वाचले. आता ते ओट्यावर बसून असतात. पाण्याची पाळी आली की कोणते दार फोडावयाचे हे डाव्या हाताने दाखवितात. म्हशीच्या दुधाची परीक्षा दिवसातून दोनदा, आणि धन्याची साठ वर्षांत एकदाही नाही!

असे गृहस्थ थोडे नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत शंभर प्रौढांपैकी सुमारे ११ जणांस मधुमेह व सुमारे ३५ जणांस उच्च रक्तदाब आढळला. आणखी १५ जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते; आणि उंबरठ्यावरून परत फिरता येते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तर मग तपासावे काय? वर्षातून एकदा रक्तदाब, रक्तातील साखर, वजन व कमरेचा घेर. लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची खबर, ही मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्याने दरवर्षी पाहिलीच पाहिजे. डोळ्यांचा दाब व दृष्टिपटल चाळिशीनंतर दोन वर्षांनी एकदा, मधुमेह असल्यास प्रतिवर्षी. तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्याने तोंड दाखवावे. पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही क्षुल्लक समजू नये. रात्री लघवीस वारंवार उठावे लागते ही वयाची खोड म्हणून पुरुष सोडून देतात, तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

मोजण्याचीही रीत आहे. सायकल किंवा मोटारसायकलवरून उतरून तडक हात पुढे केला तर रक्तदाब वाढलेलाच दिसणार. पाच मिनिटे पाठ टेकून बसावे. आधी अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य. आकडा १४० वर ९० किंवा त्याहून अधिक आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावा व मग डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १२६ किंवा अधिक दोनदा आली तर तो मधुमेह समजतात. काही चतुर मंडळी तपासणीच्या आधी दोन दिवस गोड सोडून ‘पास’ होण्याची खटपट करतात. त्यांच्यासाठी एचबीए१सी नावाची परीक्षा आहे. ती मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. दुधातले पाणी लॅक्टोमीटरपासून लपवू पाहणाऱ्यास हे निराळे सांगणे नको.

याउलट साठ-सत्तर परीक्षांचे एकगठ्ठा ‘पॅकेज’ घेण्याचे जे वेड पसरत आहे, त्याची सामान्य माणसास गरज नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शिबिरांबद्दलही तेच. शिबिरात मोजलेला आकडा त्याच कागदावर राहतो व कागद कारखान्याच्या बिलांबरोबर ट्रंकेत जातो. एका आकड्यापेक्षा पाच वर्षांचे पाच आकडे अधिक बोलतात. सात-बाराच्या उताऱ्यावर दरसाल पीकपाहणी चढते, त्याप्रमाणे एका साध्या वहीत तारीख व आकडा चढवीत जावा.

खर्चाची सबब फारशी टिकत नाही. गावच्या उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात, ज्यांस आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांचा रक्तदाब, साखर व तोंडाची तपासणी विनामूल्य होते. बारामतीस २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून पुढील तपासण्यांसाठी प्रत्येक वेळी पुण्यास धाव घेण्याचेही कारण उरलेले नाही. सत्तरी ओलांडलेल्यांस ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेखाली उत्पन्नाची अट न घालता पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु ते कार्ड मनुष्य रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. दाखल व्हावे लागू नये याची तजवीज ज्याची त्यानेच करावयाची आहे.

सवड केव्हा काढावी? ऊसतोड सुरू झाली की कोणास मान वर करण्यास वेळ नसतो. आम्हास पालखीचा सुमार सोयीचा वाटतो. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत पुढे गेली की त्याच आठवड्यात केंद्रावर जावे. तिथी विसरण्याची सोय नाही. वारीत दरसाल चालणारे कित्येकजण ‘आम्हास तपासणी कशाला’ म्हणतात. चालणे उत्तमच, पण चालणाऱ्याचाही रक्तदाब वाढतो.

घरातील स्त्रियांची गोष्ट मात्र वेगळी काढून सांगितली पाहिजे, कारण त्या स्वतःहून केंद्रावर जात नाहीत. इंदापूरच्या पूर्वेस भीमा ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या सहकार्याने, १९९९ सालापासून शेजारच्या त्या वेळच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे काम हाती घेतले. त्यांतील एका गटास गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची परीक्षा केवळ एकदा देऊ केली, व दोष आढळला तेथे उपचार केले. आठ वर्षांनी पाहता, नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या गटाच्या मानाने या गटात त्या कर्करोगाने झालेले मृत्यू जवळजवळ निम्मे होते. २००९ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर त्याची दखल घेतली गेली. या स्त्रिया आपल्यासारख्याच शेतकरी घरांतल्या, ज्वारी काढणाऱ्या व शेळ्या राखणाऱ्या होत्या.

तेव्हा केंद्रावर जाताना मालकिणीस बरोबर न्यावे. गर्भाशयमुखाची तपासणी तिसाव्या वर्षानंतर पाच वर्षांनी एकदा, व स्तनांची तपासणी त्याच वेळी होते. गावची आशा सेविका दिवस व वेळ सांगते. आधार कार्ड, चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी आणि वर सांगितलेली वही, एवढेच बरोबर असावे. साखर उपाशीपोटी पाहावयाची असल्याने सकाळी लवकर निघावे व भाकरी फडक्यात बांधून घ्यावी.